चिमटीतला वारा

स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यांत अबोल कोण, असं कुणी विचारलं तर मी खाण्याच्या सोड्याकडे बोट दाखवीन. साखर मुंग्यांना आवतण धाडते, मीठ पावसाळ्यात बरणीच्या काठाने पाझरायला लागतं, रवा चाळणीतून उतरताना सळसळतो, खोबऱ्याचा कीस वासाने घर भरून टाकतो. सोडा गप्प असतो. त्याला वास नाही, कणाला लकाकी नाही. जिभेच्या टोकावर ठेवला तर किंचित खारट, किंचित तुरट, आणि मागाहून साबणाची पुसट चव, एवढीच त्याची ओळख. त्याची जागाही आडोशाची. मिसळणाच्या डब्यात त्याला वाटी मिळत नाही. तो फळीच्या मागच्या कोपऱ्यात, एखाद्या जुन्या बाटलीत नाहीतर रबर लावलेल्या पुडीत, तुरटी आणि टाकणखाराच्या शेजाराने राहतो. आषाढातल्या ओल्या हवेत त्याचे गोळे होतात, बोटांनी दाबले की ते हलकेच फुटतात, आणि पुन्हा तीच मऊ, थंड, कोरडी शांतता बोटांना लागते.

त्या शांततेत वारा आहे.

ढोकळ्याच्या पिठात तो मला दर वेळी नव्याने भेटतो. रात्रभर आंबट ताकात भिजून सुस्तावलेलं डाळीचं पीठ, त्याचा तो जड, पिवळा, झोपाळू पृष्ठभाग. त्यावर चमचाभर सोडा पडतो, सोड्यावर दोन थेंब पाणी, आणि क्षणभर काहीच होत नाही, आपल्याला वाटतं की यंदा काही खरं नाही, आणि मग खालून, अगदी तळातून, एक बारीक सरसर वर चढायला लागते, पातेल्याच्या काठाशी बुडबुड्यांची माळ उमटते, मधला भाग फुगतो, पळी फिरवावी तसा हाताला लागणारा जडपणा विरतो, आणि कान जवळ नेला तर दूरवरच्या पावसाची चाहूल यावी असा आवाज त्या पिठातून येत राहतो. ते पीठ श्वास घेतंय असं म्हणायचा मोह होतो. पण पीठ श्वास घेत नसतं. सोडा श्वास सोडत असतो.

एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा. त्याला पुरेसं आंबट मिळालं तर त्यातून जवळजवळ दीड लिटर वायू मोकळा होतो. दीड लिटर! पाण्याच्या मोठ्या बाटलीत मावावं एवढं आभाळ त्या चिमूट-चमचाभर भुकटीत घडी घालून ठेवलेलं असतं. आंबट नाही मिळालं तर नुसत्या धगीनेही तो ते सोडून देतो, मात्र निम्मंच. उरलेलं निम्मं स्वतःपाशी धरून धुण्याच्या सोड्यात बदलून जातो. म्हणून तर ताक, लिंबू, दही यांच्याशी त्याचं इतकं गूळपीठ. आंबटपणा त्याला सगळं देऊन टाकायला लावतो.

आणि हा वारा त्याच्यात आला कुठून? हा प्रश्न मला लहानपणी बाबांनी घातला होता. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि घरी शिकवणं थांबवायचे नाहीत. सौराष्ट्राच्या टोकाला, द्वारकेच्या पलीकडे मिठापूर नावाचं गाव आहे. १९३९ साली तिथे टाटा केमिकल्सची सुरुवात झाली. समुद्राचं पाणी मिठागरात आटवायचं, त्या खाऱ्या पाण्यात अमोनिया मुरवायचा, चुनखडी भट्टीत भाजून तिच्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यातून खेळवायचा, आणि मग गढूळलेल्या पाण्यातून पांढरा गाळ हळूहळू खाली बसू लागतो, तो आपला सोडा. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने १८६१ मध्ये ही रीत बसवली, तेव्हापासून जगभर ती चालत आली. बाबा हे फळ्यावर लिहिल्याप्रमाणे हवेत बोटाने लिहायचे. पण मला भूल पडायची ती चुनखडीची. चुनखडी म्हणजे पुष्कळदा कुठल्या तरी जुन्या समुद्रातल्या शंखशिंपल्यांचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या कवचांचे थरावर थर. त्या जिवांनी पाण्यातला वायू आपल्या कवचात बांधला, कवचं तळाशी गेली, तळाचा दगड झाला, दगड भट्टीत गेला, वायू सुटला आणि सोड्याने त्याला पुन्हा पकडलं. म्हणजे आमच्या पातेल्यात रविवारी सकाळी जे सरसरत होतं, ते लाखो वर्षांपूर्वी लाटांखाली कोंडलं गेलं होतं. बाबांना मी हे म्हटलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. आता ढोकळा चढव, नाहीतर बसेल."

आईचं आणि सोड्याचं मात्र पटत नसे. म्हणजे इडलीचं पीठ थंडीत आंबलंच नाही तर, बालुशाहीचं पीठ दह्यात मळताना, किंवा गावाकडच्या विहिरीच्या जड पाण्यात तुरीची डाळ तासन् तास टणक राहिली तर ती चिमूटभर सोडा घालायची, पण घालताना तिच्या चेहऱ्यावर उसनवारी केल्याचा संकोच असायचा. हरभरे भिजवताना सोडा घातला की साल लवकर मऊ होते, हे तिला ठाऊक होतं. पालकाला सोडा लावला तर तो शिजूनही पोपटी राहतो, हेही ठाऊक होतं, आणि तरी ती म्हणायची की रंग राहतो पण जीव जातो. तिचं खरंच होतं. सोड्याच्या पाण्यात शिजवलं की क जीवनसत्त्व आणि ब-१ पुष्कळसं नासतं. तिने ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, तिच्या जिभेने ते ओळखलं होतं.

भज्यांवरून तर घरात जुना तंटा. आई भज्यांच्या पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालायची, सोडा नाही. "सोड्याची भजी तेल पितात," हे तिचं वाक्य कोरीव होतं. तिची कांदाभजी खेकड्याच्या पायांगत वेडीवाकडी, कुरकुरीत, कागदावर ठेवली तर कागद कोरा राहील अशी. बाबांना आवडायची ती मात्र एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलातली, सोड्याने टम्म फुगलेली, आत जाळीच जाळी, बोट दाबलं की तेल सुटणारी, कांद्याचे जाड काप मधूनच दाताखाली गोड लागणारी. पाऊस लागला की ते छत्री घेऊन निघायचे, आणि वर्तमानपत्राचा तेलाने पारदर्शक झालेला पुडा सदऱ्याच्या आत धरून परतायचे. आई काही बोलायची नाही. त्या पुड्यातलं एक भजं मात्र ती दर वेळी घ्यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली नानकटाई हा त्या दोघांचा तह. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची आणि नखभर सोडा असं सगळं फेसून, गोळे करून, डब्यात भरून आम्ही ते बेकरीच्या भट्टीवर न्यायचो. दुपारची वेळ, भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं की गालांना लागणारी झळ, काळे पडलेले पत्रे, त्यावर रांगेने मांडलेले आमचे पांढरे गोळे, आणि लांब दांड्याच्या फावड्याने ते आत सरकवणारा, घामाने निथळलेला भट्टीवाला. ते बाहेर यायचे तेव्हा पसरलेले, सोनेरी, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तडे गेलेले. त्या तड्यांवर माझा जीव होता. त्यांतूनच आतलं कोंडलेलं काहीतरी निसटून गेलेलं असायचं, त्याने जाताना आपली वाट मागे ठेवलेली असायची. सोडा जास्त पडलेल्या घाण्यात हेच तडे पिवळट दिसत आणि चव साबणाकडे झुके. नखभर म्हणजे नखभर. या वस्तूत उदारपणा चालत नाही.

पापडाच्या दिवसांत सोड्याचा थोरला भाऊ घरात यायचा, पापडखार. उडदाच्या पिठात हिंग, मिरी आणि पापडखाराचं पाणी. ते पीठ कुटताना वरवंट्याला तेल, हाताला तेल, आणि लाट्या तोडायला बसलेल्या बायकांच्या गप्पांनाही तेल लागलेलं. कच्ची लाटी तेलात बुडवून खाताना जिभेला जी खारट चुणचुण लागते ती या खाराची. तो खार जमिनीतून येतो एवढंच तेव्हा माहीत होतं. कुठल्या जमिनीतून, ते बाबांनी मला लोणारला नेऊन दाखवलं.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. बेसाल्टच्या काळ्या खडकात उल्केच्या आघाताने पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते वाटोळं विवर काठावरून पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणूस बोलायचं थांबतो. वर रानझाडी, धारेच्या गोड्या पाण्याचा आवाज, खाली उतरत जावं तशी हवा जड होत जाते, आणि तळाशी ते हिरवट, न हलणारं, मासळी नसलेलं पाणी. काठावर कमळजा देवीचं देऊळ. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पांढरी साय धरली होती, पायाखाली ती चुरचुर फुटायची. याच सायीचे डल्ला, खुप्पल, भुस्की असे प्रकार पाडून लोक ती गोळा करत आले. ऐन-इ-अकबरीत अबुल फजलने लोणारची नोंद केली ती काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो म्हणून. विष्णूने लवणासुराला इथेच गाडलं अशी गावातली कथा, आणि दैत्यसूदनाचं देखणं देऊळ त्या कथेची साक्ष देत उभं. बाबा देवळात हात जोडून आले होते, पण त्यांच्या खिशात हळदीचे कागद होते. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून, वाळवून त्यांनी घरून आणल्या होत्या. वाकून त्यांनी एक पट्टी तळ्याच्या पाण्याला लावली. पिवळा रंग क्षणभर थबकला आणि मग काठाकडून आत आत लाल होत गेला. बाबांनी मला पाण्यात बोटं बुडवून चोळायला सांगितली. बोटं बुळबुळीत झाली, साबण न लावता. ते पाणी सोड्याचं होतं, अख्खं तळं सोड्याचं, आभाळातून पडलेल्या एका दगडाने खणलेलं. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं. खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांनी ते रंगवलं, असं तपासणीतून निघालं. फोटो पाहताना मला ती पट्टीच दिसत राहिली.

हळदीचं हे लाजणं आईला न शिकताच ठाऊक होतं. तिच्या पदरावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल व्हायचा, ती तो लालपणा शांतपणे चोळत राहायची, खळबळून धुवायची, आणि उन्हात टाकायची. ऊन डाग घेऊन जायचं. हळदीचं कुंकू होतं तेही क्षाराच्याच करणीने. देव्हाऱ्यातल्या दोन वाट्या, हळदीची आणि कुंकवाची. त्यांच्यामध्ये उभा असतो तो हाच पांढरा, न दिसणारा.

धुण्या-घासण्यात सोडा अधिक मोकळा होतो असं मला वाटतं. चुलीवर वाऱ्यावर सोडून दिलेलं दूध करपलं की स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळी आणायची, गॅस बंद करून आपलं दुसरं काम करायला जायचं. परत येईपर्यंत तळाचा काळा पापुद्रा स्वतःहून कड सोडून तरंगत असतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र हे करू नये, ते काळवंडतं. उन्हाळ्यात बंद राहिलेला थर्मास, शाळेच्या डब्यातला लोणच्याचा वास, फ्रिजमध्ये सांडलेल्या दुधाची आंबूस छाया, यांना तो फार न बोलता बाजूला नेतो. नुसती उघडी वाटी कोपऱ्यात ठेवायची. हल्ली व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेसाचा डोंगर करतात आणि त्याला स्वच्छता म्हणतात. फेस बघायला छान, मुलं टाळ्या पिटतात, पण ती दोघं एकमेकांना भेटून तिथेच विझतात, मागे उरतं जवळजवळ खारं पाणी. घासायचं असेल तर एका वेळी एकालाच हाक मारावी.

चांदीची तर गोष्टच निराळी. आजीची निरांजनं, अत्तरदाणी, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या बोरन्हाणात वापरलेली छोटी वाटी, सगळ्यांवर वर्षाच्या धुराने आणि हवेने काळिमा चढलेली. पातेल्याच्या तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर उकळतं पाणी, सोडा, आणि फॉइलला टेकून ठेवलेली चांदी. पाणी फसफसतं, नाकाला गंधकाचा एक ओझरता वास लागतो, आणि काळा पडदा डोळ्यांदेखत वितळायला लागतो. घासून काढताना चांदी झिजते, थोडी थोडी कापडावर निघून जाते. इथे तसं होत नाही. चांदीला धरून बसलेला गंधक ॲल्युमिनियमकडे निघून जातो, आणि काळ्यात अडकलेली चांदी आपल्या जागी परत येते. ती वाटी पाण्यातून वर काढली तेव्हा तिच्या काठावरची आजोबांनी कोरून घेतलेली अक्षरं पुन्हा वाचता आली.

मग बाबांची मूत्रपिंडं थकली.

रक्तात आम्ल साठायला लागलं तसं डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आईने चष्मा लावून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाली, "अहो, हा तर आपला सोडा." सोडियम बायकार्बोनेट. बाबा हसले, आजारपणात ते पहिल्यांदाच इतके मोकळे हसले. त्यांना मिठावर बंदी होती, पापड तर ताटाच्या आसपासही नको, आणि तरी मोजून-मापून हा खारच त्यांना औषध म्हणून लागत होता. (हा सोडा कुणी आपल्या मनाने पाण्यात घालून रोज घेऊ नये, रक्तदाब असेल, मूत्रपिंडं दुखणाईत असतील तर नाहीच नाही. डॉक्टरांच्या मापाची ही गोष्ट आहे.) पुढे डायलिसिस सुरू झालं. यंत्राजवळ दोन कॅन असायचे, एकात आम्लाचं द्रावण, दुसऱ्यात बायकार्बचं. ती दोन्ही आधी कालवून ठेवत नाहीत, साका धरेल म्हणून. यंत्रातच, अगदी ऐन वेळी त्यांची गाठ पडते. खुर्चीत मागे रेलून, हातातून निघालेल्या आणि परत हातात शिरणाऱ्या लाल नळ्यांकडे बघत बाबा मला शिकवायचे. आवाज खाली गेला होता, पण वाक्यं अजून पूर्ण असायची.

ते म्हणायचे, प्रत्येकाच्या रक्तात सोडा असतोच. निरोगी माणसाच्या एका लिटरमध्ये साधारण २४ मिलीमोल, आपल्या चमच्याच्या भाषेत २ ग्रॅम सोड्यात असेल तेवढा. शरीर जळतं, त्यातून जो वायू निघतो, तो बुडबुडा होऊन रक्तात फिरला तर जीव जाईल. म्हणून त्यातला बहुतेक भाग बायकार्बोनेट होऊन विरघळतो, गुपचूप वाहत फुप्फुसापर्यंत येतो, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा वायू होतो. तोच आपला उच्छ्वास. मी त्यांच्या छातीकडे पाहत होते. पातळ सदऱ्याखाली ती वर येत होती, खाली जात होती. कोंडणं आणि सोडणं, कोंडणं आणि सोडणं. दगडात, शंखात, तळ्यात, पातेल्यात जे चाललं होतं तेच इथे, माझ्या समोर, एका माणसाच्या आत, क्षणाक्षणाला चाललं होतं, आणि त्याला आता यंत्राकडून उसनं घ्यावं लागत होतं.

"ढोकळा आणि मी," ते म्हणाले, "एकाच वर्गातले."

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली होती. भाचरं आली होती, अंधारात त्यांचा धुडगूस चालला होता, कुणीतरी मेणबत्तीवर हात धरून भिंतीवर हरणं नाचवत होतं. आईने परात पुढ्यात ओढली, डाळीचं पीठ घेतलं, तिखट, मीठ, ओवा हातावर चुरडून. मी सवयीने मोहनासाठी कढईतलं तेल पळीत घ्यायला लागले, तर तिने हात आडवा केला, फळीवर चाचपून सोड्याची बाटली काढली, आणि चिमूट नव्हे, चांगला अर्धा चमचा पिठात टाकला. वर लिंबू पिळलं. पीठ फसफसलं, मेणबत्तीच्या उजेडात त्याचे बुडबुडे चमकले. पहिला घाणा तेलात पडला आणि टम्म फुगून वर आला.

"आई, तेल पितील ना ही."

"पिऊ देत," ती म्हणाली. "आणि कांदा जाड चीर, हॉटेलात चिरतात तसा."